बंदिस्त लागवडीतील दिव्यांची उष्णता आणि हिवाळ्यातील थंड हवा : एक विवेचन

गोषवारा

उत्तरेकडील थंड प्रदेशांत हिवाळ्यात भाजीपाला पिकविण्यासाठी कृत्रिम प्रकाशाचा आधार घ्यावा लागतो. या दिव्यांना पुरविलेली बहुतेक सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते आणि बाहेर बर्फ पडत असतानाही लागवडीची खोली तापते. अशा वेळी बाहेरील थंड हवा हे शीतनाचे विनामूल्य साधन वाटते. परंतु ही हवा उष्णता नेते, तसाच कोरडेपणाही आणते. थंड हवेची उष्णतावहनक्षमता, तिचा आर्द्रतेवर होणारा परिणाम, शीतनाच्या प्रचलित पद्धती आणि अंटार्क्टिका खंडावरील दोन प्रयोग यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : बंदिस्त लागवड, उच्चदाब सोडियम दिवा, एलईडी, सापेक्ष आर्द्रता, बाष्पोत्सर्जन, दवबिंदू, उष्णता विनिमयक.

प्रस्तावना

हिवाळा म्हटला की आपल्याकडे भाजीपाल्याचा हंगाम डोळ्यांसमोर येतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागांत मात्र परिस्थिती याच्या नेमकी उलट असते. डिसेंबरच्या उत्तरार्धात ॲमस्टरडॅम येथे दिवस आठ तासांहून कमी, तर हेलसिंकी येथे सहा तासांहूनही कमी असतो. जो सूर्यप्रकाश मिळतो तोही तिरपा व ढगांतून गाळलेला असतो. त्यामुळे हरितगृह कितीही उबदार ठेवले, तरी टोमॅटो, काकडी, लेट्यूस यांसारख्या पिकांना पुरेसा प्रकाश मिळत नाही. नेदरलँड्स, फिनलंड, आइसलँड, कॅनडा आदी देशांत हिवाळी लागवडीत विजेचे दिवे अपरिहार्य झाले ते याच कारणाने. काही ठिकाणी तर काचेचे छप्परही नसते. चारही बाजूंनी बंद, उष्णतारोधक भिंतींच्या खोलीत केवळ दिव्यांच्या प्रकाशावर रोपे वाढविली जातात.

अशा खोलीत एक विसंगती दिसून येते. बाहेर तापमान शून्याखाली असते आणि आत पंखे व शीतनयंत्रे उष्णता बाहेर काढण्यासाठी अखंड चालू असतात. या विजेचा भार अखेर भाजीच्या किमतीवर पडतो. २०२१-२२ मध्ये युरोपात ऊर्जेचे दर कडाडले, तेव्हा नेदरलँड्समधील अनेक उत्पादकांना दिवे कमी वेळ लावावे लागले, तर काहींनी हिवाळ्यात हरितगृहे रिकामी ठेवणे पसंत केले. म्हणूनच दिव्यांच्या उष्णतेचे काय करावे, हा हिवाळी लागवड परवडण्या-न परवडण्याचा प्रश्न आहे.

दिव्यातील विजेचे काय होते?

दिवा वीज घेऊन प्रकाश देतो, हे विधान अपुरे आहे. लागवडीसाठी दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या उच्चदाब सोडियम दिव्यात विजेचा साधारण एक तृतीयांश भाग प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त अशा प्रकाशात रूपांतरित होतो. उरलेला भाग अवरक्त किरणांच्या आणि तापलेल्या हवेच्या रूपाने बाहेर पडतो. उपयुक्त प्रकाशाचीही अखेर वेगळी नसते. पाने, भिंती, जमीन यांनी शोषलेला प्रकाश उष्णतेतच परिणत होतो. रोपे प्रकाशसंश्लेषणाद्वारे रासायनिक ऊर्जेच्या रूपाने जो अंश साठवितात, तो केवळ काही टक्क्यांचा असतो. त्यामुळे १००० वॅटचा दिवा म्हणजे जवळजवळ १००० वॅटची शेगडी, असे उष्णतेच्या हिशेबापुरते मानता येते.

एलईडी दिव्यांमुळे या प्रमाणात मोठा फरक पडला आहे. १००० वॅटच्या सोडियम दिव्याइतका उपयुक्त प्रकाश आजचे चांगले एलईडी दिवे ६०० ते ६५० वॅट विजेत देऊ शकतात. म्हणजे तेवढ्याच प्रकाशासाठी उष्णताही कमी निर्माण होते. तथापि एलईडी उष्णता निर्माण करीत नाहीत, हा समज चुकीचा आहे. त्यांची उष्णता किरणांच्या रूपाने पुढे न जाता मुख्यतः दिव्याच्या पाठीमागील धातूच्या पट्टीत साठते आणि तेथून ती काढून घ्यावी लागते.

थंड हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता

एखादी उष्णता हवेच्या साहाय्याने बाहेर नेण्यासाठी किती हवा लागेल, हे एका साध्या सूत्राने काढता येते. हवेचा प्रवाह म्हणजे उष्णतेला हवेची घनता, तिचा विशिष्ट उष्मा आणि आतील व बाहेरील तापमानांतील फरक यांच्या गुणाकाराने भागले असता येणारी संख्या होय. समुद्रसपाटीजवळ १ घनमीटर हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढण्यास सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता लागते. १००० वॅटचा दिवा तासाला ३६०० किलोज्यूल उष्णता देतो.

खोलीचे तापमान २५ अंश राखावयाचे आहे, असे समजू. बाहेर १५ अंश तापमान असल्यास फरक १० अंशांचा असतो आणि एका दिव्यासाठी तासाला ३०० घनमीटर हवा लागते. बाहेर उणे ५ अंश असल्यास फरक ३० अंशांचा होतो व १०० घनमीटर हवा पुरते. बाहेर उणे २५ अंश असल्यास अवघ्या ६० घनमीटर हवेत तेच काम होते.

हवेची गरज कमी झाल्याचा लाभ केवळ त्याच प्रमाणात मिळत नाही. त्याच नलिकेतून हवा वाहत असता पंख्याला लागणारी शक्ती स्थूलमानाने प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. प्रवाह एक तृतीयांश झाला, तर सैद्धांतिकदृष्ट्या पंख्याची शक्ती सत्तावीसाव्या भागावर येते. प्रत्यक्षात मोटरमधील व्ययामुळे एवढी बचत होत नाही. तरीही शीतनयंत्राच्या तुलनेत हा खर्च नगण्य ठरतो. थंड हवेविषयीचे आकर्षण या आकडेवारीतून स्पष्ट होते.

हेच तत्त्व इतर क्षेत्रांतही वापरले जाते. स्वीडनमधील लुलेओ येथे २०१३ मध्ये सुरू झालेले फेसबुकचे संगणक केंद्र थंड करण्यासाठी बाहेरील हवेचाच उपयोग करण्यात आला. परंतु संगणक आणि रोप यांत एक मूलभूत भेद आहे. संगणकाला पाने नसतात. रोप मात्र हवेतून श्वसन करते, हवेत पाणी सोडते आणि हवेच्या कोरडेपणाला तत्काळ प्रतिसाद देते.

कोरडेपणाचा प्रश्न

थंड हवेत बाष्प धारण करण्याची क्षमता फार कमी असते. उणे ५ अंश तापमानाची हवा बाष्पाने पूर्णतः संपृक्त असली, म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के असली, तरी ती २५ अंशांपर्यंत तापविल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे १३ टक्क्यांवर येते. उणे २५ अंशांची संपृक्त हवा खोलीत येऊन तापली, तर ही आर्द्रता केवळ २ टक्के उरते. बाहेर धुके व हिमवर्षाव असल्यामुळे हवा ओलसर आहे असे वाटते. खोलीच्या दृष्टीने मात्र ती अत्यंत शुष्क असते.

रोपांच्या दृष्टीने सापेक्ष आर्द्रतेपेक्षा बाष्पदाबातील तूट अधिक महत्त्वाची असते. पानाच्या आतील हवा जवळपास संपृक्त असते. बाहेरील हवेचा बाष्पदाब त्यापेक्षा जितका कमी, तितके पाणी पानातून वेगाने ओढले जाते. बहुतेक भाजीपाला पिकांना ही तूट अर्धा ते सव्वा किलोपास्कल एवढी मानवते. वर उल्लेखिलेल्या १३ टक्के आर्द्रतेच्या हवेत ती पावणेतीन किलोपास्कलच्या घरात जाते. अशा हवेत मुळांना पाण्याचा पुरवठा करणे अवघड होते, पर्णरंध्रे मिटतात आणि पर्णरंध्रे मिटल्यावर कार्बन डायऑक्साइड आत येणेही थांबते. दिवा पूर्ण तेजाने जळत असतो, परंतु रोपाला त्याचा उपयोग करता येत नाही. खर्ची पडलेली वीज अशा रीतीने वाया जाते.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. वाढ पूर्ण झालेल्या, दाट पानांच्या पिकातून बाष्पोत्सर्जनाद्वारे पुष्कळ पाणी हवेत मिसळते. १ लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे २४५० किलोज्यूल अप्रकट उष्मा शोषला जातो. म्हणजे रोपे स्वतःच खोलीतील उष्णतेचा काही भाग बाष्पाच्या रूपात साठवितात. खोलीत २५ अंश तापमान व ६० टक्के आर्द्रता असल्यास बाहेर जाणारी प्रत्येक घनमीटर हवा, उणे ५ अंशांच्या येणाऱ्या हवेपेक्षा सुमारे ११ ग्रॅम अधिक बाष्प घेऊन जाते. त्यामुळे एका घनमीटरमागे तापमानवाढीने ३६ आणि बाष्पाने सुमारे २७ अशी एकूण ६३ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. परिणामी १००० वॅटसाठी १०० नव्हे, तर ६० घनमीटरहूनही कमी हवा पुरू शकते.

मात्र त्यासाठी तासाला सुमारे ६०० ग्रॅम पाणी पानांतून हवेत आले पाहिजे. दाट पिकात हे शक्य असते, कोवळ्या रोपवाटिकेत ते शक्य नसते. तेथे पानेच थोडी असल्यामुळे हवा ओलसर होत नाही आणि नाजूक रोपे कोरड्या झोतात सुकतात. तेव्हा एकाच खोलीत, एकाच बाह्य तापमानाला थंड हवेचा परिणाम पिकाच्या अवस्थेनुसार उपकारक किंवा मारक ठरतो.

याखेरीज थेट थंडीचा आघातही विचारात घ्यावा लागतो. काकडी, टोमॅटो, तुळशीच्या कुळातील बेसिल यांसारखी उष्ण प्रदेशातील पिके १० ते १२ अंशांखालील तापमानात दीर्घकाळ राहिल्यास त्यांच्या पेशींना इजा होते. खोलीचे सरासरी तापमान योग्य असले तरी हवेच्या प्रवेशद्वाराजवळील रोपांवर शून्याखालील झोत पडत असेल, तर तो सरासरी आकडा फसवा ठरतो.

दवबिंदू आणि कार्बन डायऑक्साइड

थंड हवा वाहून नेणाऱ्या नलिकांमुळे आणखी एक अडचण उद्भवते. २५ अंश तापमान व ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचे दवबिंदू तापमान सुमारे १७ अंश असते. याचा अर्थ असा की, खोलीतील ज्या पृष्ठभागाचे तापमान १७ अंशांखाली जाईल, त्यावर पाण्याचे थेंब जमतील. उणे ५ अंशांची हवा वाहणाऱ्या उघड्या पत्र्याच्या नलिकेवर असे पाणी सतत साचते. हे पाणी विद्युत जोडण्यांवर पडल्यास धोका निर्माण होतो आणि पानांवर पडल्यास करड्या बुरशीला निमंत्रण मिळते. म्हणून नलिकांना उष्णतारोधक आवरण आणि बाष्परोधक थर हे दोन्ही आवश्यक असतात. दिवे बंद झाल्यावर थंड हवा आपोआप आत शिरू नये यासाठी एकदिश झडपही बसवावी लागते.

कार्बन डायऑक्साइडचा विचारही येथे अप्रस्तुत नाही. बाहेरील हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ४२० भागांहून थोडे अधिक आहे. अनेक उत्पादक बंदिस्त जागेत ते ८०० ते १००० भागांपर्यंत वाढवून उत्पादन वाढवितात. हवा सतत बाहेर टाकल्यास हा वायूही तिच्यासोबत निघून जातो. उलट, हा वायू वेगळा पुरविला जात नसेल, तर पूर्णतः बंद खोलीत रोपे उपलब्ध वायू लवकर संपवितात आणि बाहेरील हवेचा थोडा प्रवाह उपयुक्त ठरतो.

शीतनाच्या तीन पद्धती

बाहेरील थंडीचा उपयोग करण्याच्या पद्धती स्थूलमानाने तीन प्रकारांत विभागता येतात.

पहिली पद्धत थेट वायुवीजनाची. हिच्यात बाहेरील हवा खोलीत सोडली जाते आणि उष्ण, दमट हवा बाहेर काढली जाते. हिचा खर्च सर्वांत कमी, परंतु कोरडेपणा, थंड झोत व कार्बन डायऑक्साइडचा व्यय हे तिन्ही दोष तिच्यात एकवटतात. बाहेरील हवा आतील उष्ण हवेत आधी मिसळून मगच रोपांकडे सोडणे आणि पंख्याचा वेग तापमान व आर्द्रता या दोहोंनुसार बदलणे, हे त्यावरील उपाय आहेत.

दुसरी पद्धत बंद परावर्तकाची. दिवा काचेने बंद केलेल्या परावर्तकात बसवून केवळ त्यातूनच बाहेरील हवा खेळविली जाते. खोलीतील हवेशी तिचा संबंध येत नाही. त्यामुळे आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड अबाधित राहतात. परंतु साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन होऊन सुमारे ८ टक्के प्रकाश कमी होतो. काचेवर धूळ बसल्यास ही घट वाढते. शिवाय काचेतून जाणारा प्रकाश पुढे खोलीतच उष्णतेत रूपांतरित होत असल्याने खोलीतील सर्व उष्णता या मार्गाने निघत नाही.

तिसरी पद्धत उष्णता विनिमयकाची. खोलीतील हवा किंवा दिव्याच्या पाठीमागून वाहणारे द्रव यांतील उष्णता धातूच्या पातळ भिंतीतून बाहेरील थंड हवेला दिली जाते. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. द्रव गोठू नये म्हणून पाण्यात ग्लायकॉल मिसळले जाते. प्रारंभिक खर्च अधिक असला तरी वातावरणावरील नियंत्रण या पद्धतीत सर्वाधिक असते.

पद्धतीची निवड करताना दिव्याचा प्रकारही पाहावा लागतो. दिवा जितका थंड तितका चांगला, हा नियम सरसकट लागू होत नाही. एलईडी थंड ठेवल्यास त्यांची कार्यक्षमता व आयुष्य दोन्ही वाढतात. फ्लुरोसेंट नळ्यांचा प्रकाश मात्र थंडीत घटतो, कारण नळीतील पाऱ्याच्या बाष्पाचा दाब कमी होतो. दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या सोडियम दिव्यांवर थंड हवेचा थेट झोत सोडल्यास आतील नलिकेचे तापमान उतरून प्रकाश कमी होऊ शकतो.

अंटार्क्टिकावरील दोन प्रयोग

थंडीची टोकाची परिस्थिती अंटार्क्टिका खंडावर आढळते. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकेच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रात २००४ मध्ये भाजीपाला लागवडीची बंदिस्त खोली कार्यान्वित झाली. तिच्या उभारणीत ॲरिझोना विद्यापीठाचा सहभाग होता. येथे उच्चदाब सोडियम दिवे वापरण्यात आले आणि ते पाण्याच्या आवरणाने थंड ठेवण्यात आले. बाहेरील हवा जगातील सर्वांत थंड हवेपैकी असूनही ती दिव्यांवर किंवा रोपांवर सोडण्यात आली नाही. कित्येक महिने सूर्य न पाहणाऱ्या तेथील कर्मचाऱ्यांना ही प्रकाशित, दमट खोली ताज्या भाजीइतकीच मानसिक विसाव्यासाठीही मोलाची वाटली.

जर्मनीच्या नॉयमायर-३ केंद्राजवळ २०१८ मध्ये सुरू झालेला ईडन-आयएसएस हा दुसरा प्रयोग होय. जर्मन अंतराळ संस्थेच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात एलईडी दिव्यांच्या पाठीमागून द्रव फिरविण्यात आले आणि त्यातील उष्णता बाहेर बसविलेल्या विनिमयकाद्वारे अंटार्क्टिकाच्या हवेत सोडण्यात आली. आतील हवा बंद चक्रात फिरत राहिली व रोपांनी सोडलेले बाष्प द्रवरूपात परत मिळविण्यात आले. पहिल्या हंगामात साडेनऊ महिन्यांत सुमारे १२.५ चौरस मीटर लागवडीतून २६८ किलोग्रॅम उत्पादन मिळाले. त्यात ६७ किलोग्रॅम काकडी व ५० किलोग्रॅम टोमॅटो यांचा समावेश होता. या दोन्ही प्रयोगांतून एकच सूत्र हाती येते : बाहेरील थंडीचा लाभ घ्यावा, परंतु बाहेरील हवा पानांपर्यंत नेऊ नये.

उष्णता बाहेर टाकावी की वापरावी?

ध्रुवीय केंद्रांचा अपवाद वगळता एक व्यापक प्रश्न उरतो. कॅनडातील विनिपेग येथे जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे उणे १६ अंश असते. अशा शहरात एका खोलीतील दिव्यांची उष्णता पंख्याने बाहेर फेकली जाते आणि शेजारच्या खोलीत वायू जाळून ऊब निर्माण केली जाते, हे ऊर्जेच्या दृष्टीने असमर्थनीय आहे. तेव्हा दिव्याची उष्णता हा टाकाऊ पदार्थ न मानता तिच्यावर इमारत, साठवणगृह किंवा रोपवाटिका उबदार ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरते. बाष्पातील अप्रकट उष्माही हवा थंड करून परत मिळविता येतो. त्यातून मिळणारे पाणी पुन्हा सिंचनासाठी वापरता येते. नेदरलँड्समधील हरितगृहांत हिवाळ्यात बाहेरील कोरडी हवा मोजक्या प्रमाणात आत घेऊन आर्द्रता कमी केली जाते आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेच्या उष्णतेने आधी तापविली जाते. तेथे थंड हवेचा दोष मानला गेलेला कोरडेपणाच गुण म्हणून उपयोगात आणला गेला आहे.

एलईडीच्या वाढत्या वापराने हा हिशेबही बदलत आहे. सोडियम दिव्यांची अवरक्त किरणे पानांना थेट ऊब देत असत. एलईडी लावल्यावर ती ऊब कमी होते आणि काचेच्या हरितगृहात तापविण्याचा खर्च काही प्रमाणात वाढतो. उष्णतारोधक भिंतींच्या बंद खोलीत मात्र शीतनाची गरज कडाक्याच्या थंडीतही कायम राहते.

भारतीय संदर्भ

भारतात या तंत्राला मर्यादित वाव आहे. लेहसारख्या ठिकाणी थंडी तीव्र असली, तरी हिवाळ्यात सूर्यप्रकाश मुबलक असतो. त्यामुळे तेथे दिव्यांपेक्षा सौर हरितगृहे अधिक उपयुक्त ठरली आहेत. शिवाय सुमारे ३५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून कमी असल्याने, तेवढीच उष्णता नेण्यासाठी सुमारे दीडपट हवा लागते.

महाराष्ट्रात पुण्यासारख्या शहरात डिसेंबर-जानेवारीतील रात्री तापमान १२ अंशांच्या आसपास उतरते. बंदिस्त लागवडीत दिवे रात्री लावल्यास २४ अंशांच्या खोलीसाठी दर १००० वॅटमागे तासाला सुमारे २५० घनमीटर हवा लागेल. बाहेरील हवेची आर्द्रता ८० टक्के असल्यास ती खोलीत तापल्यावर ३८ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे कोरडेपणाचा प्रश्न येथे पुष्कळच सौम्य होतो. मात्र कीटकांच्या प्रतिबंधासाठी बारीक जाळी आवश्यक ठरते, तिच्यामुळे पंख्यावरील भार वाढतो आणि हा लाभ वर्षातील मोजक्या रात्रींपुरताच मिळतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. लागवडीच्या दिव्यांना दिलेली जवळजवळ सर्व वीज उष्णतेत परिणत होते व ही उष्णता नेण्यास हिवाळ्यातील थंड हवा अत्यंत समर्थ आहे. परंतु हवा जितकी थंड तितकी ती शुष्क असते. त्यामुळे ज्या दिवशी शीतन सर्वांत स्वस्त, त्याच दिवशी रोपांना असलेला धोका सर्वांत मोठा असतो. थेट वायुवीजन दाट पिकासाठी, तेही नियंत्रणासह योग्य ठरते, तर कोवळ्या रोपांसाठी दिवा आणि रोप यांचे वातावरण वेगळे ठेवणेच हितावह असते. जेथे शेजारी उबेची गरज आहे, तेथे उष्णता बाहेर टाकण्यापूर्वी तिचा उपयोग करून घेणे क्रमप्राप्त आहे. थंडी निसर्गाकडून विनामूल्य मिळते, तिच्यावरील नियंत्रणाचे मोल मात्र उत्पादकालाच द्यावे लागते. हे मोल आराखड्याच्या वेळीच दिले नाही, तर ते पुढे सुकलेल्या रोपांच्या आणि वाया गेलेल्या विजेच्या रूपाने द्यावे लागते.